फुटक्या भांड्यांची शिकवणी

एकवीस वर्षांनी मुकुंद करड्यांना बायकोचा आवाज धड ऐकू आला, आणि त्या आवाजातलं पहिलं वाक्य होतं, "आता तरी ऐकू येतंय का, की अजून कोकलायचं?"

दवाखान्याच्या खुर्चीत बसल्या बसल्या मुकुंदशेठ रडायला लागले. त्यांना बघून शैलाताईही रडल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता दोघांनी हळू बोललं तरी चालेल हं." पण सवय काय लगेच जाते? दोघं जिना उतरेपर्यंत सगळ्या दवाखान्याला कळलं की आज घरी पुरणपोळी आहे.

तांबटाचं बहिरेपण ही काही नवलाची गोष्ट नव्हे. तांब्याच्या पत्र्यावर दिवसाला हजारो घाव घालायचे, तेही चाळीस-पंचेचाळीस वर्षं. कान टिकतील कसे? पुण्याच्या तांबट आळीत साठी ओलांडलेला माणूस चांगला ऐकत असेल तर लोक संशयानं विचारतात, हा काम करत होता की नुसता चहा पीत होता? मुकुंदशेठांनी काम केलं होतं. घंगाळं, बंब, हंडे, आणि गावोगावच्या देवळांतल्या नगाऱ्यांची भांडी. नगाऱ्यावर कातडं चढायच्या आधी खाली जे तांब्याचं मोठं वाडगं लागतं ना, ते करावं तर करड्यांनीच, अशी ख्याती.

आपल्या आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखी एक नळी असते. तिच्यात बारीक केसांच्या पेशी असतात, आवाज आला की त्या डोलतात आणि मेंदूला खबर जाते. मोठ्या आवाजानं त्या मरतात आणि पुन्हा उगवत नाहीत. नव्या यंत्रात ती नळीच वापरत होते, पण केसांऐवजी तिच्यात धाग्याएवढी बारीक दिव्यांची माळ सोडत होते. त्याआधी एक इंजेक्शन देऊन कानाची नस उजेडाला जागी होईल अशी करायची. कानामागची चकती आवाज पकडते, कोणता दिवा लावायचा ते ठरवते, आणि माणसाला ऐकू येतं. उजेडानं ऐकायचं! मुकुंदशेठ आठवडाभर जो भेटेल त्याला हेच सांगत सुटले होते.

आठवड्यानंतर ते दुकानात गेले, ऐरणीवर घंगाळ चढवलं, हातोडी मारली आणि थबकले. पुन्हा मारली. जोर लावून मारली. हाताला झिणझिण्या आल्या, पण कानात काही म्हणता काही नाही. शेजारच्या दुकानातले शिवराम वडके म्हणाले, "काय मुकुंदशेठ, विसरलात का काय काम?" हे वाक्य मात्र स्वच्छ ऐकू आलं.

दुपारीच ते दवाखान्यात हजर झाले. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, "काका, चकतीत एक प्रोग्राम आहे. माणसाचं बोलणं कोणतं आणि गोंगाट कोणता, ते तो ठरवतो. एकदम आलेला, मोठा, खाडकन आवाज म्हणजे गोंगाट. तो आला की यंत्र क्षणभर कान मिटून घेतं. तुमच्या भल्यासाठीच."

"पण माझा तो गोंगाट नाही हो! बहिरा होतो तेव्हाही मला भांडं ऐकू यायचं. हाडांतून यायचं."

"ते उरलेलं ऐकणं ऑपरेशनमध्ये गेलं. तुमची सही आहे त्याच्यावर."

सही होती खरी. बायकोचा आवाज मिळतोय म्हटल्यावर कोण वाचत बसतो!

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर तुम्ही म्हणाल, मग प्रोग्राम बदलून का नाही घेतला? त्या काळात प्रोग्राम लिहायला माणूस लागत नव्हता. फोनला तोंडी सांगितलं की तो लिहून द्यायचा. शैलाताईंनी गच्चीवरच्या टाकीचा, दळणाच्या गिरणीचा, असे कितीतरी प्रोग्राम भाजी चिरता चिरता करून घेतले होते. पण शरीरात बसवलेल्या यंत्रांचा कायदा वेगळा होता. काही वर्षांपूर्वी औषध सोडणारे पंप यंत्रांनीच लिहिलेल्या प्रोग्रामनी बिघडले होते, माणसं दगावली होती, आणि नेमकं कुठं चुकलं हे सांगायला एकही माणूस पुढे आला नव्हता. कारण ते कुणाला माहीतच नव्हतं. तेव्हापासून नियम झाला: कंपनीचा प्रोग्राम वापरा, नाहीतर स्वतःच्या हातानं लिहा आणि परीक्षकासमोर बसून प्रत्येक ओळ समजावून सांगा. संधी दोनच. दोन्ही हुकल्या तर चकती पाच वर्षं मोहोरबंद, म्हणजे कंपनीचाच प्रोग्राम चालवायचा.

मुकुंदशेठांनी पहिल्या संधीचं काय केलं ते ऐका. फोनला सांगितलं, "भांड्याचा आवाज आत सोडणारा प्रोग्राम लिही." तीन सेकंदांत एकशेबारा ओळी आल्या. लहानपणी अथर्वशीर्ष पाठ केलं होतं, तशा त्यांनी त्या पंधरा दिवसांत पाठ केल्या आणि स्वतःच्या हातानं लिहून परीक्षेला नेल्या.

परीक्षक सातपुते चष्म्याआडून बघणारे शांत गृहस्थ होते. त्यांनी चाळीसाव्या ओळीतला एक आकडा खोडून दुसरा लिहिला. "आता काय होईल?"

मुकुंदशेठांनी डोळे मिटून पहिल्या ओळीपासून म्हणायला सुरुवात केली. सातपुत्यांनी बिचाऱ्यांनी दहा ओळी ऐकून घेतल्या. "पाठांतर उत्तम आहे, काका," असं म्हणून त्यांनी फाईल मिटली.

घरी शैलाताईंनी तोंड सोडलं. "देवानं कान परत दिले ते नीट सांभाळा की! त्या प्रोग्रामच्या नादात माझा आवाज गेला तर? मी आणखी एकवीस वर्षं ओरडणार नाही, सांगून ठेवते."

"तुझा आवाज आला गं, पण तांब्याचा गेला," मुकुंदशेठ म्हणाले. "पत्रा कुठं पातळ झाला, कुठं चीर पडणार, हे आम्हाला डोळ्यांआधी कानाला कळतं. ते कळत नसेल तर मी हातोडी खाली ठेवायला हवी. त्रेसष्ट वय आहे. पाच वर्षांनी हात राहतोय का?"

शेवटी बुधवारी महापालिकेच्या एका शाळेत स्वतःच्या यंत्राचा प्रोग्राम लिहायला शिकणाऱ्यांचा वर्ग भरतो, हे शैलाताईंनीच शोधून काढलं.

वर्ग कसला, आठ-दहा माणसं आणि हेमांगी बोराडे. बाई पन्नाशीच्या, पूर्वी एसटीत कंडक्टर. साखरेच्या आजारासाठी अंगात इन्सुलिनचा पंप. त्याचा प्रोग्राम त्यांनी पुस्तकं धुंडाळून एकटीनं शिकून लिहिला होता. मुकुंदशेठांनी त्यांना विचारलं, "कुठल्या पुस्तकापासून सुरुवात करू?"

"पुस्तक राहू द्या. पोहायचं पुस्तक वाचून कोण पोहलंय? तुम्हाला काय करून बघायचंय?"

"भांड्याचा आवाज ऐकायचाय."

"मग आज फक्त एवढं करा. आवाज आला की पडद्यावर 'आला' असं उमटवा. बास. बाकीची लंका नंतर जिंकू. आणि हातानं टाइप करायचं, उतरवून घ्यायचं नाही."

चार ओळींचा तो प्रोग्राम लिहायला मुकुंदशेठांना दोन तास लागले. दर वेळी पडद्यावर लाल अक्षरं यायची, आणि ती आली रे आली की ते झटकन सगळं पुसून पहिल्यापासून लिहायचे. तिसऱ्या वेळी हेमांगीबाईंनी त्यांचा हात धरला.

"पुसता का सारखं?"

"चुकलं ना! लाज वाटते हो."

"अहो, कुठं अडलंय ते बिचारं यंत्र सांगतंय आणि तुम्ही त्याच्या तोंडावर हात ठेवताय. वाचा तरी काय म्हणतंय. तिसरी ओळ, कंस मिटलेला नाही. झालं! एवढंच. एक वही करा. रोजची चूक त्यात लिहायची. माझ्या अकरा वह्या भरल्यात."

मुकुंदशेठांना ते पटलं असं म्हणवत नाही. तांबट आळीत चूक दाखवायची रीतच नव्हती. ठोकता ठोकता भांडं बद्द वाजलं, म्हणजे कुठंतरी चिरलं, की ते तत्काळ पालथं घालून कोपऱ्यात सारायचं. पुन्हा त्याच्यावर हातोडी मारायची नाही. फुटक्या भांड्याचा आवाज दुकानात घुमू देऊ नये, अवदसा येते, असं त्यांच्या वडिलांनी सांगितलं होतं आणि वडिलांना त्यांच्या वडिलांनी. पण बाईंचा शब्द म्हणून वही केली.

आणि मग त्यांना चटक लागली. सकाळी चहा झाला की शेठ कॉम्प्युटरपाशी. जुन्या घंगाळावर घाव घालून त्यांनी आवाज साठवला आणि त्याची आकृती पडद्यावर काढली. आयुष्यभर कानांनी ऐकलेली गोष्ट पहिल्यांदाच डोळ्यांना दिसत होती. घाव म्हणजे एक उंच सुळका. आणि त्याच्यामागे, हळूहळू बारीक होत जाणारं, लांबच लांब शेपूट.

"शैला, इकडे ये! हे बघ!" ते ओरडले. "घावात काहीच नाहीये. भांड्याचं सगळं बोलणं शेपटात आहे. आणि हे मूर्ख यंत्र घाव आला म्हणून कान मिटतं, ते शेपूट संपल्यावर उघडतं!"

शैलाताई कणकेच्या हातानं आल्या. बराच वेळ बघून म्हणाल्या, "मग सुळका कापा आणि शेपूट ठेवा."

सहा महिन्यांनी मुकुंदशेठांनी नेमकं तेच लिहिलं. घाव दाबायचा, मागे लांब शेपूट असेल तर आत सोडायचं, आखूड असेल तर गोंगाट समजून कापायचं. स्वतःचा प्रोग्राम कानात घालून बघायला कायद्यानं सरावाचे वीस तास मिळत. पहिल्याच तासाला घरात हाहाकार झाला. ताटं, वाट्या, पळ्या, शैलाताईंच्या बांगड्या, सगळ्यांनाच लांब शेपटं! स्वयंपाकघरात नुसती देवळातली घंटा चालू. शैलाताई काहीतरी विचारत होत्या आणि मुकुंदशेठ त्यांच्या बांगड्यांकडे बघत होते.

"गेला ना माझा आवाज?" शैलाताईंचा चेहरा पडला. "म्हटलं होतं मी."

मुकुंदशेठांनी त्याच मिनिटाला कंपनीचा प्रोग्राम परत चढवला आणि वहीत लिहिलं: 'शैला ऐकू आली नाही.' ती ओळ त्यांना फार लागली. आठ दिवस विचार करून तोड निघाली. ताटवाट्या कशाही पडतात; तांबटाची हातोडी एका ठेक्यात पडते. तीन घाव सारख्या अंतरानं आले तरच भांड्याचा नियम चालू, एरवी बोलण्याचा. आता घरात बायको ऐकू येऊ लागली आणि दुकानात तांबं.

राहिलेल्या तासांत त्यांनी पाटणकडच्या एका देवळाच्या नगाऱ्याचं भांडं पुरं केलं. कंबरेइतक्या उंचीचं. काय वाजत होतं! जिथं हातोडी मारावी तिथं खणखणीत. जन्मात एवढं निर्दोष भांडं झालं नाही, असं ते स्वतःच म्हणाले. दसऱ्याला द्यायचं होतं.

विसाव्या तासाला शैलाताई डबा घेऊन दुकानात आल्या. मुकुंदशेठ एका छोट्या घंगाळावर घाव घालत होते. शैलाताई दारातच थांबल्या.

"अहो, थांबा. बद्द वाजतंय."

"काहीतरीच काय!"

"अहो, शेंबडं पोर सांगेल. बद्द वाजतंय!"

मुकुंदशेठांनी पुन्हा तीन घाव घातले. चौथा घातला. कानात शांतता. आतापर्यंत असं झालं की त्यांना वाटायचं, आपला ठेका चुकला. त्यांनी घंगाळ उजेडाला धरलं. बुडाशी बोटभर लांब चीर होती.

ते तिथंच मांडी घालून बसले. सगळं ध्यानात आलं. फुटकं भांडं बद्द वाजतं, म्हणजेच त्याचं शेपूट आखूड असतं. आणि आखूड शेपूट कापून टाक, असं त्यांनीच यंत्राला सांगितलं होतं. सांगणार नाही तर काय? जेवढे आवाज त्यांनी साठवले ते सगळे चांगल्या भांड्यांचे. फुटक्यावर हातोडी मारायची नाही, या रीतीत हयात गेलेला माणूस. फुटक्याचा आवाज साठवावा हे त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं. त्यांचं यंत्र फक्त चांगलं तेवढंच ऐकत होतं. ज्याच्यासाठी कान हवे होते, नेमकं तेच त्यांनी गाळून टाकलं होतं.

"आणि तास संपले," ते म्हणाले. "परीक्षा तीन आठवड्यांवर. आता लिहीन ते कानात न घालताच न्यावं लागणार."

"मग रडत काय बसताय? आळीत फुटकी भांडी काय कमी आहेत?"

दुसऱ्या दिवशी नवराबायको हातगाडी घेऊन दारोदार फिरले. कोपऱ्याकोपऱ्यांत पालथी पडलेली भांडी, कुणाच्या आजोबांच्या वेळची, कुणाची परवाची, बाहेर निघाली. देताना जो तो ओशाळत होता. मुकुंदशेठांच्या ओसरीवर भरदुपारी एक्केचाळीस फुटकी भांडी एकापाठोपाठ बद्द बद्द वाजायला लागली तेव्हा शिवराम वडके धावत आले.

"मुकुंदशेठ, डोकं फिरलंय का? अख्ख्या आळीला अवदसा आणाल!"

"शिवरामभाऊ, तुमचा हंडा पण आहे यात. बसा, बघा किती छान बद्द वाजतो!"

शिवरामभाऊंनी कपाळाला हात लावला, पण बसले. मुकुंदशेठ घाव घालायचे, शैलाताई आणि शिवरामभाऊ आवाज ऐकून सांगायचे आणि मुकुंदशेठ पडद्यावर शेपटं बघायचे. कुणाचं तुटकं, कुणाचं थरथरतं, कुणाचं दुहेरी. एकसारखी दोन नव्हती. संध्याकाळपर्यंत त्यांच्या लक्षात आलं की चांगलं शेपूट कोणतं आणि वाईट कोणतं हे ठरवायला नियम लिहायला जाणं हीच मुळात चूक आहे. ठेका ओळखला की यंत्रानं अर्धा सेकंद दार उघडावं आणि गप्प बसावं. काय आलं ते कान बघून घेईल. त्यांनी एकोणतीस ओळी खोडल्या. प्रोग्राम निम्मा झाला.

परीक्षेला शैलाताई बरोबर होत्या. सातपुत्यांनी पुन्हा एक आकडा खोडला. "अर्ध्या सेकंदाचे दोन सेकंद केले. काय होईल?"

"माझी हातोडी सेकंदाला एकदा पडते, साहेब. दार मिटायच्या आत पुढचा घाव येईल, मग ते मिटणारच नाही. दुकानात कुणी बोललं तरी सगळी खिचडी होईल."

"हं. आणि तुमचा प्रोग्राम चुकतो कुठं?"

मुकुंदशेठांनी वही काढून टेबलावर ठेवली. "आरतीच्या टाळ्या ठेक्यात पडतात, तिथं दार उघडेल. ही खलबत्त्यात वेलदोडे कुटायला बसली तरी उघडेल, आणि तेव्हा ती बोलली तर मला नीट कळणार नाही. हे कॉम्प्युटरवर बघितलंय. कानात घालून एकदाही बघितलेलं नाही. आणखीही चुका असतील. सापडतील तशा लिहीन."

सातपुत्यांनी वही पानापानानं चाळली. 'शैला ऐकू आली नाही' या ओळीपाशी ते जरा थांबले. मग शिक्का उचलला. "काका, 'कुठंच चुकत नाही' म्हणणाऱ्याला मी कधी पास करत नाही."

दोघं थेट दुकानात आले. मुकुंदशेठांनी नवा प्रोग्राम चढवला आणि नगाऱ्याच्या भांड्यापाशी गेले. दोन दिवसांनी गावकरी न्यायला येणार होते. शैलाताईंनी ते दोनदा वाजवून बघितलं होतं, शिवरामभाऊंनीही. चांगलं आहे म्हणाले होते. मुकुंदशेठांनी हातोडी उचलली आणि ठेक्यात तीन घाव घातले. चौथ्याला दार उघडलं. तांबं बोललं. ते भांड्याभोवती फिरत, घाव घालत गेले. काठाखाली चार बोटांवर हात थांबला. तिथंच पुन्हा मारलं. शेपूट तिथं जरासं आखूड पडत होतं; आधीचा प्रोग्राम असले घाव गाळायचा आणि त्यांना वाटायचं, ठेका चुकला.

"इथं गेलंय," ते हळूच म्हणाले.

"कुठं? खणखणीत तर वाजतंय की!" शेजारच्या दुकानातून आलेले शिवरामभाऊ म्हणाले.

"पाणी भरा."

शिवरामभाऊंनी आणि शैलाताईंनी बादल्यांनी भांडं काठोकाठ भरलं. तिघं समोर बसून राहिले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मग काठाखाली चार बोटांवर, सुईचं टोक टेकवावं एवढा पाण्याचा टिपूस तांब्यावर उमटला, फुगला आणि ओघळला.

तीन महिन्यांचं काम वाया गेलं होतं. गावकऱ्यांना काय सांगायचं हा प्रश्न होता, दसरा तोंडावर होता. आणि मुकुंदशेठ उठून दुकानाच्या बाहेर आले, हातोडी हातात तशीच, आणि नातू झाल्यासारखे सगळ्या आळीला ओरडून सांगायला लागले, "फुटलंय! अहो, माझं भांडं फुटलंय! मला ऐकू आलं!"